पातेल्यातून पेल्यात : प्रस्तावना

१४ ऑक्टोबर १९७८ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर यांनी एका करविषयक विधेयकावर सही केली. विधेयक मुख्यतः ट्रक, बस आणि ट्रॅक्टरवरच्या अबकारी कराचे होते. त्यात सिनेटर ॲलन क्रॅन्स्टन यांनी सुचवलेली एक दुरुस्तीही होती : घरच्यापुरती बिअर करणाऱ्याला कर लागणार नाही. घरात एकच प्रौढ माणूस असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक असतील तर २०० गॅलन. विकायची मात्र नाही. १ फेब्रुवारी १९७९ पासून ही मुभा लागू झाली.

त्या काळी साऱ्या अमेरिकेत बिअरचे कारखाने शंभराहून कमी उरले होते. त्यांतले बहुतेक एकाच वळणाची, फिकट, बर्फासारखी गार आणि जवळजवळ बिनवासाची लागर करत. आज त्याच देशात नऊ हजारांहून जास्त ब्रुअरी आहेत. आंबट, करपट, काळीभोर, संत्र्याच्या सालीच्या वासाची, लवंगेच्या चवीची, अशी हवी ती बिअर तिथे मिळते. हा बदल मोठ्या कंपन्यांनी घडवला नाही. स्वयंपाकघरात आणि गॅरेजात पातेली चढवणाऱ्या हौशी माणसांनी तो घडवला. या पुस्तकाचे म्हणणे एवढेच आहे की, चांगली बिअर जगात परतली ती लोकांनी ती स्वतः करून पाहिली म्हणून, आणि जो ती कशी होते हे जाणतो त्यालाच ती पुरती चाखता येते.

हा कायदा व्हायला इतका उशीर का लागला, हे आधी पाहायला हवे. अमेरिकेत १९२० पासून १९३३ पर्यंत देशभर दारूबंदी होती. ती उठली तेव्हा घरगुती वाइनला परवानगी मिळाली, पण घरगुती बिअर कायद्यातून राहून गेली. लोक करत होतेच. कॅनमधले माल्टचे पाक, साखर आणि पावाचे यीस्ट वापरून. त्यातून होणारे पेय चढे, पण त्याला चव फारशी नसे. पोर्टलंडचे फ्रेड एकहार्ट यांनी १९७०च्या सुमारास घरी लागर कशी करावी यावर पुस्तिका लिहिली आणि चांगले माल्ट, खरे हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुले), स्वच्छता यांचा आग्रह धरला. लॉस एंजेलिसमध्ये १९७४ साली ‘माल्टोज फाल्कन्स’ हा घरगुती बिअर करणाऱ्यांचा क्लब निघाला; तो आजही चालू आहे. म्हणजे कायदा बदलला तेव्हा माणसे तयार होती. राज्याराज्यांचे कायदे मात्र मागे रेंगाळले. मिसिसिपी आणि अलाबामा या शेवटच्या दोन राज्यांनी घरच्या बिअरला मान्यता दिली ती थेट २०१३ मध्ये.

ब्रिटनमध्ये हीच गोष्ट थोडी आधी घडली. तिथे अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी १९६३ साली घरगुती बिअरवरचा परवाना आणि कर काढून टाकला. पुढे १९७१ मध्ये पिंपात मुरणारी ‘एल’ ही जुन्या वळणाची बिअर वाचवण्यासाठी ग्राहकांनीच ‘कॅमरा’ ही चळवळ सुरू केली. मायकेल जॅक्सन या इंग्रज पत्रकाराने १९७७ साली ‘द वर्ल्ड गाइड टु बिअर’ लिहून बेल्जियम, बव्हेरिया, बोहेमिया, स्कॉटलंड इथल्या बिअर त्यांच्या कुळांनुसार मांडून दाखवल्या. अमेरिकेतल्या हौशी मंडळींना या पुस्तकातून कळले की आपण पितो त्याहून बिअरचे जग फार मोठे आहे. त्या बिअर दुकानात मिळत नव्हत्या, म्हणून त्यांनी त्या करायला घेतल्या.

या मंडळींपैकी तिघांची नावे इथे घ्यायलाच हवीत. जॅक मॅकऑलिफ अमेरिकी नौदलात असताना स्कॉटलंडमध्ये राहिले, तिथल्या एलची चव घेऊन परतले आणि १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या सोनोमात त्यांनी ‘न्यू अल्बियन’ ही छोटी ब्रुअरी उभी केली. इतक्या लहान ब्रुअरीसाठी यंत्रे कुणी बनवत नव्हते, म्हणून जुनी भांडी जोडून-डागून त्यांनी आपली सामग्री स्वतः तयार केली. १९८२ मध्ये ती बंद पडली. पण जे ती पाहून गेले त्यांनी हिंमत धरली. त्यांतले एक केन ग्रॉसमन. ते चिको गावात घरगुती बिअरच्या सामानाचे दुकान चालवत. त्यांनी दूधव्यवसायातली जुनी भांडी जमवून ‘सिएरा नेवाडा’ सुरू केली आणि १९८० साली पहिली बिअर काढली. तिसरे चार्ली पपाझियन. कोलोरॅडोतल्या बोल्डरमध्ये ते शाळेत शिकवत आणि संध्याकाळी लोकांना बिअर करायला शिकवत. १९७८ मध्ये त्यांनी अमेरिकन होमब्रुअर्स असोसिएशनची स्थापना केली आणि १९८४ मध्ये त्यांचे ‘द कम्प्लीट जॉय ऑफ होमब्रुइंग’ आले. त्या पुस्तकाने एका पिढीची भीती घालवली. शास्त्र त्यात होते, पण धीर देणारा सूर त्याहून मोठा होता.

ग्रॉसमन यांच्या पेल एलला जो वास होता तो आला ‘कॅस्केड’ नावाच्या हॉप्समधून. ओरेगनमध्ये सरकारी संशोधकांनी इंग्लिश आणि रशियन वाणांच्या संकरातून हे हॉप्स तयार केले आणि १९७२ साली लागवडीसाठी खुले केले. त्यांना ग्रेपफ्रूटसारखा आणि पाइनच्या झाडासारखा वास येतो. मोठ्या कंपन्यांना तो भडक वाटला. छोट्यांना त्यातच आपली ओळख सापडली. मी ज्या भागात राहतो तिथे ऑगस्टच्या शेवटी हॉप्सची तोडणी चालू झाली की रस्त्याने जाताना गाडीच्या काचा खाली कराव्यात, इतका तो वास पसरलेला असतो.

घरी बिअर करणे हे विसाव्या शतकातले खूळ आहे, असे मात्र कुणी समजू नये. खरे तर कारखान्यातली बिअर हीच नवी गोष्ट आहे. सुमेरियात निन्कासी ही बिअरची देवता होती आणि इसवी सनापूर्वी १८००च्या आसपासच्या मातीच्या पाट्यांवर तिचे स्तोत्र सापडले. बिअर कशी करत याचे वर्णनच त्या स्तुतीत आहे. मध्ययुगीन युरोपात बिअर करणे हे घरातल्या बायकांचे काम होते, भाकरी भाजण्याइतकेच रोजचे. बाराव्या शतकात जर्मनीतली मठाधिकारी हिल्डेगार्ड हिने आपल्या औषधिविषयक लेखनात हॉप्समुळे पेय टिकते, असे नोंदवून ठेवले आहे. १५१६ साली बव्हेरियाच्या इंगोलश्टाट शहरात निघालेल्या फर्मानाने बिअरमध्ये बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढेच असावे असे ठरवले. त्यात यीस्टचा उल्लेख नाही, कारण आंबवणारा जीव कोण हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते.

ते कळले एकोणिसाव्या शतकात. लुई पाश्चर यांनी १८७६ मध्ये बिअरवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि बिअर कोणते सूक्ष्मजीव नासवतात ते दाखवले. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी १८८३ मध्ये एका पेशीपासून वाढवलेले शुद्ध यीस्ट वापरात आणले. त्याच प्रयोगशाळेत सोरेन्सेन यांनी १९०९ साली पीएचचे माप मांडले. डब्लिनच्या गिनेस कंपनीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी ‘स्टुडंट’ या टोपणनावाने १९०८ मध्ये लिहिलेला निबंध आज संख्याशास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी शिकतो. शाळेतल्या कितीतरी शास्त्राला बिअरने हातभार लावला आहे. कारखान्यांचे हे ऋण मी मोकळेपणाने मानतो. त्यांनी बिअर स्वच्छ केली, टिकाऊ केली. दर बाटली सारखी निघावी या ध्यासात चव मात्र बारीक होत गेली, आणि ती परत आणायला घरांनाच पुढे यावे लागले.

आता प्रत्यक्ष कृती. बिअरला चार गोष्टी लागतात : बार्लीचे माल्ट, पाणी, हॉप्स आणि यीस्ट.

माल्ट म्हणजे धान्य भिजवून, मोड आणून, मग वाळवून भाजलेले. मराठी घरांना हे नवे नाही. बाळासाठी नाचणीचे सत्त्व करताना आपण नाचणी भिजवतो, मोड आणतो, सुकवतो, दळतो, तेही माल्टच. मोड येताना दाण्यात अमायलेज नावाची विकरे तयार होतात. कोंब वाढायचा तर स्टार्चची साखर व्हायला हवी. ते काम ती करतात. म्हणूनच मोडाच्या नाचणीची पेज पातळ होते आणि बाळाला पचते. बिअर करणारा हेच दाण्याचे सामर्थ्य वापरतो. माल्ट कमी भाजले तर बिअर सोनेरी होते, जास्त भाजले तर तांबूस, आणि कॉफीसारखे काळे भाजले तर स्टाउट.

दळलेले माल्ट गरम पाण्यात तासभर धरून ठेवायचे. याला मॅश म्हणतात. या कामात सगळे तापमानावर अवलंबून आहे. ६२ ते ६५ अंश सेल्सियसवर एक विकर जोरात चालते आणि यीस्टला सहज खाता येईल अशी साखर जास्त होते; बिअर हलकी, कोरडी उतरते. ६८ अंशांच्या वर दुसऱ्याचा जोर वाढतो, न आंबणारी साखर जास्त उरते आणि बिअर अंगाने भरदार लागते. तीन-चार अंशांच्या फरकाने पेल्यातला घोट बदलतो. हे एकदा स्वतः अनुभवले की पुढे कुणाचीही बिअर पिताना जीभ आपोआप विचारते : याने कुठल्या तापमानाला धरली असेल?

मग गाळून घेतलेला गोड रस, म्हणजे वर्ट, तासभर उकळायचा आणि त्यात हॉप्स घालायचे. हॉप्स ही वेल भांगेच्या कुळातली. बिअरला तिची मादी फुले वापरतात. त्यांतल्या राळेचा कडूपणा भरपूर उकळल्याशिवाय उतरत नाही, आणि सुगंधी तेले उकळली की उडून जातात. म्हणून कडवटपणासाठी हॉप्स सुरुवातीला घालतात, वासासाठी शेवटच्या पाच-दहा मिनिटांत किंवा आच बंद केल्यावर. उकळलेला वर्ट झटपट २० अंशांपर्यंत गार करून त्यात यीस्ट सोडायचे. इथून पुढे भांड्याला लागणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक हवी. उकळण्याआधी चुकले तर उकळी सांभाळून घेते. नंतर चुकले तर सांभाळणारे कुणी नाही.

वीस लिटर साध्या पेल एलसाठी सुमारे साडेचार किलो फिकट माल्ट पुरते. आंबण्यापूर्वी हायड्रोमीटरवर १.०५०च्या आसपास घनता दिसते आणि दोनेक आठवड्यांनी ती १.०१०ला येऊन थांबते. दोन्हींतल्या फरकाला १३१ने गुणले की मद्याचे शेकडा प्रमाण निघते, म्हणजे इथे सव्वापाच टक्के. बाटल्या भरताना वीस लिटरला १२० ते १३० ग्रॅम साखर घालतात. उरलेले यीस्ट ती खाते आणि बुचाखाली फेसाचा वायू साठतो. घनता स्थिरावण्याआधी बाटली भरू नये आणि साखर डोळ्यांनी मोजू नये. काच फुटून इजा होऊ शकते. पुस्तकात हा इशारा मी पुन्हा पुन्हा दिला आहे, आणि वाचकाने तो दर वेळी वाचावा.

पाण्याची गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. बोहेमियातल्या प्लझेन शहराचे पाणी अतिशय मृदू, म्हणून १८४२ साली योसेफ ग्रोल यांना तिथे स्वच्छ सोनेरी, नाजूक कडवटपणाची पिल्सनर साधली. इंग्लंडच्या बर्टन गावच्या पाण्यात जिप्सम भरपूर, म्हणून तिथल्या पेल एलचा कडूपणा धारदार. डब्लिनच्या अल्कधर्मी पाण्याला भाजलेल्या माल्टचा आंबटपणा मानवला आणि तिथे काळी बिअर रुजली. शहरांच्या बिअर त्यांच्या जमिनीखालच्या खडकांनी ठरवल्या होत्या.

चौघांतले जिवंत काय ते यीस्ट. बव्हेरियाच्या गव्हाच्या बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. त्यात केळेही नसते, लवंगही नसते. तो यीस्टचा प्रताप. ब्रुसेल्सजवळची लांबिक तर उघड्या कढईत रात्रभर गार होत ठेवतात आणि हवेतले जंगली जीव तिला आंबवतात. मला सर्वांत जवळचे वाटते ते पश्चिम नॉर्वेच्या शेतकरी घरांतले क्वाइक. विरजण जसे शेजारच्या घरून मागून आणावे आणि आपले बिघडले तर त्यांच्याकडून पुन्हा घ्यावे, तसे हे यीस्ट तिथल्या घराघरांत पिढ्यान्पिढ्या फिरत राहिले. लाकडी कड्यांवर वाळवून ते जपून ठेवत. लार्स मारिउस गार्शोल यांनी गावोगाव हिंडून ही परंपरा जगापुढे आणली. बहुतेक एल यीस्ट २२ अंशांच्या वर गेले की बिअरमध्ये नको ते वास सोडते. क्वाइक ३५ ते ४० अंशांतही स्वच्छ आंबवते. उष्ण देशांत राहणाऱ्या हौशी मंडळींसाठी हे मोठे वरदान ठरले आहे.

आता चाखण्याविषयी. बिअर अतिशीत प्यायली की चव आणि वास दोन्ही दबतात. लागर सहा-सात अंशांना आणि एल दहा-बारा अंशांना घ्यावी. बाटलीतून न पिता पेल्यात ओतावी, कारण वास फेसातून वर येतो आणि चवीचा मोठा भाग वासच असतो. पहिला घोट घेण्याआधी नाक लावावे. लोण्याचा किंवा बटरस्कॉचचा वास आला तर यीस्टला पुरेसा वेळ मिळाला नाही, असे बहुधा समजावे. हिरव्या सफरचंदाचा आला तर बिअर कोवळी आहे. ओल्या पुठ्ठ्याचा आला तर ती हवा लागून शिळी झाली आहे. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीतल्या बिअरला कधी कधी उग्र दुर्गंध येतो, कारण उजेडाने हॉप्समधले घटक मोडतात. तपकिरी काच त्यासाठीच असते. ही माहिती नाक मुरडण्यासाठी नाही. दोष ओळखता आला की गुणही ठळक दिसतात, आणि कुणीतरी नीट केलेल्या बिअरला मनापासून दाद देता येते.

मराठी मुलखाशी या विषयाचा धागा जुना आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून लंडनच्या बो भागातल्या हॉजसन यांच्या ब्रुअरीतली पेल एल ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याला येई. केप ऑफ गुड होपला वळसा घालून काही महिन्यांचा तो प्रवास. हॉजसन यांनी हिंदुस्थानसाठी ही बिअर नव्याने शोधली, ही दंतकथा आहे; भरपूर हॉप्सची एल इंग्लंडमध्ये आधीपासून होती, ती समुद्रात टिकली एवढेच. १८२०च्या दशकात बर्टनच्या ब्रुअरींनी हा व्यापार हाती घेतला आणि तिला ‘इंडिया पेल एल’ हे नाव पडले. हीच आयपीए पुढे अमेरिकेतल्या हौशी लोकांनी कॅस्केडसारखे हॉप्स घालून नव्याने घडवली. २००९ साली पुण्यात ‘डूलाली’ सुरू झाली, ती भारतातल्या अगदी पहिल्या मायक्रोब्रुअरींपैकी एक. त्यानंतर पुण्यामुंबईत ताजी, न गाळलेली बिअर समोर बसून पिणारा वर्ग तयार झाला.

कायद्याबद्दल स्पष्ट सांगतो. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. त्यामुळे या पुस्तकातल्या कृती अमेरिका, ब्रिटन, जर्मनी, ऑस्ट्रेलिया अशा देशांत, म्हणजे घरच्या बिअरला जिथे मुभा आहे तिथे राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहेत. त्यांनीही आपापल्या ठिकाणचा नियम आधी पाहावा. महाराष्ट्रातल्या वाचकाला इतिहास, शास्त्र आणि चाखण्याची प्रकरणे उपयोगी पडतील. पुढे कधी कायदा बदललाच, तर कृतीही हाताशी असतील.

दुसरे सांगणे याहून मोठे आहे. ज्या मुलखात बायकांनी मतदान करून गावोगाव ‘बाटली आडवी’ केली, त्या मुलखाच्या भाषेत मद्याविषयी लिहिताना त्यांच्या दुःखाकडे पाठ फिरवता येत नाही. दारूने मोडलेली घरे खरी आहेत. मद्याचे कोणतेही प्रमाण पूर्ण निर्धोक म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये म्हटले, तेही खरे आहे. जो पीत नाही त्याने या पुस्तकासाठी पिऊ नये. जो थांबू शकत नाही त्याने हे पुस्तक बाजूला ठेवावे आणि मदत घ्यावी. जे पितात त्यांच्यापुरते मात्र माझे मत ठाम आहे. एक पेला बनायला महिना लागतो, हे ज्याने अनुभवले तो पेला घाईने रिचवत नाही. करण्याचे कष्ट माणसाला सावकाश, थोडे आणि लक्ष देऊन प्यायला शिकवतात.

पुस्तकाचे पाच भाग आहेत. पहिल्यात चार घटक, दुसऱ्यात पहिली बिअर अगदी सुरुवातीपासून शेवटपर्यंत, तिसऱ्यात देशोदेशीची कुळे, चौथ्यात चाखणे आणि पाचव्यात दोष व त्यांवरचे उपाय. मला हे ज्ञान मी राहतो तिथल्या घरगुती बिअरच्या क्लबातल्या वडीलधाऱ्या सभासदांनी दिले. त्यांनी कुठलीही कृती लपवली नाही. नवख्याने विचारले की वहीच पुढे करायची, ही त्यांची रीत. हे पुस्तक मराठीत लिहून मी ती वही पुढे करतो आहे.

पहिल्यांदा साधी पेल एल करावी, दुसरे काही नको. तापमान, वेळ, वजन, घनता सगळे लिहून ठेवावे. बाटली उघडल्यावर जे वाटले तेही लिहावे, वाईट वाटले तरी. मग तीच बिअर पुन्हा करावी आणि एकच गोष्ट बदलावी : मॅश तीन अंश वर, किंवा हॉप्स दहा मिनिटे उशिरा. दोन्ही पेले शेजारी ठेवून चाखावेत. त्या दोन घोटांतला फरक ज्याला स्वतःच्या जिभेवर कळला, त्याला पुढचे पुस्तक माझ्या मदतीशिवाय वाचता येईल.